तीन ठिपके

६ जानेवारी

उस्तादांना दहा-अकराचा नमस्कार.

परवा तुमच्या शेजारच्या मास्तरांकडे फोन करून तुम्हाला बोलावून घेतलं, तेव्हा तुम्ही चार वेळा ‘कोण?’ विचारलंत आणि पाचव्यांदा ‘इकडे सगळं ठीक’ म्हणून ठेवून दिलात. तीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारलेल्या कानांकडून याहून जास्त मागू नये, असं तुमच्या बहिणीचं म्हणणं. म्हणून पत्र. मोजमापं कागदावर असली की तुम्हालाही बरं वाटतं.

कारखाना नोव्हेंबरात बंद झाला, हे तिने कळवलंच असेल. एकवीस वर्षांचे पैसे एकदम हातात देऊन आम्हाला फाटकाबाहेर काढलं. सत्तेचाळीसच्या फिटरला आता कोणी दारात उभं करत नाही. एका ठिकाणी साहेब म्हणाला, “काका, हे काम आता मशीन करतं.” काका म्हणाला, तेच जास्त लागलं.

तर मुद्दा असा. इथे जुन्या घडणीचं लाकडी फर्निचर विकणारा एक दुकानदार आहे. माल पोचवायला त्याला जुनी पिकअप हवी. गोल बॉनेट, गोल दिवे, दारावर दुकानाचं नाव. रस्त्याने गाडी गेली की लोकांनी वळून बघावं, ही त्याची हौस. गाडी माझी, काम त्याचं, तीन वर्षांचा करार लिहून द्यायला तयार आहे. अशी एक पिकअप बाह्यवळणापलीकडच्या एका शेडमध्ये उभी आहे. शेचाळीस वर्षांची, हिरवी. तिथल्या माणसाने दोन वर्षं खपून नव्याने उभी केली आहे. साडेचार लाख म्हणतो.

आमच्याकडे चार आहेत. चार म्हणजे सगळे. गाडी घेतली तर हातात काही उरत नाही. नाही घेतली तर बसून खाऊ, आणि बसून खाल्लेलं दोन वर्षांत संपेल.

काय द्यावं? तुमची बहीण म्हणते, दादा सांगेल तो आकडा. मीही तेच म्हणतो.

तुमचा,
दहा-अकरा


११ जानेवारी

दहा-अकरा यास,

धाकटीचा नवरा म्हणून तुला अहो म्हणायला हवं, हे मला कळतं. पण दहा-अकराचा पाना आठवड्याला एक हरवणाऱ्या ज्या पोराच्या मी पाठीत घालत होतो, त्याला अहो म्हणताना माझीच जीभ अडखळते. चालवून घे.

पहिली गोष्ट. ‘नव्याने उभी केलेली’ हा शब्द ऐकला की खिशावर हात ठेवायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो धंदा असतो. रंग बघून भाव करणारा माणूस रंगच विकत घेतो.

मी कुठल्या शाळेत गेलो नाही, पण माझा हिशोब आजवर चुकलेला नाही. नीट वाच. गाडी सोळा आणे. त्यातले आठ चासीचे. चार इंजिनाचे. तीन पत्र्याचे. एक कागदपत्रांचा. रंगाचे शून्य. अशा गाडीचा रास्त भाव, सगळं जागच्या जागी असेल तर, चार लाख. म्हणजे आणा पंचवीस हजारांचा. जिथे खोट निघेल तिथले आणे कापायचे. साडेचार म्हणणाऱ्याला सांग, वरचे पन्नास हजार तुझ्या ब्रशचे आहेत, ते तूच ठेव.

बघायला सकाळी जा. तो येण्याआधी पोच, म्हणजे इंजिन थंड मिळेल. गरम करून ठेवलेलं इंजिन आणि मुलगी बघायला आल्यावर घातलेली साडी, दोन्हींवरून काही कळत नाही. सोबत लोहचुंबक ने, कापडात गुंडाळून. पत्र्यावर जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. दाराच्या फटीत नाणं घाल, वरून खालपर्यंत सारखं सरकलं पाहिजे. खिडकीचं रबर उचलून बघ, खाली जुना रंग दिसला तर रबर न काढताच रंगवली आहे.

मग पाठीवर झोप. लाज वाटली तरी झोप. टॉर्च घे, चासीच्या दोन्ही पट्ट्या पुढून मागपर्यंत बोटांनी चाचपून बघ. केबिन संपते आणि हौदा सुरू होतो, तिथे ओझ्याने चासी वाकते. चीर तिथेच पडते. चीर दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं आहे का ते बघ. भोक असेल तर चीर तिथे थांबते. नसेल, तर वरचं वेल्डिंग कितीही देखणं असो, चीर आतल्या आत चालत राहते. हे तुला शिकवलं होतं, पण तू तेव्हा पाना शोधत असशील.

अनोळखी हाताचं वेल्डिंग चासीवर दिसलं, तर आठच्या आठ आणे काप आणि घरी ये. लोक तात्पुरतं काम करतात. माझ्या गॅरेजात तो शब्द नव्हता, तुला माहीत आहे.

काय दिसलं ते सविस्तर लिही. ‘बरी आहे’ असं लिहू नकोस.

उस्ताद


१७ जानेवारी

उस्ताद,

बसा, मग वाचा.

सांगितल्याप्रमाणे साडेसातला पोचलो. शेडवाला दात घासत होता. लोहचुंबक बघून म्हणाला, “डॉक्टर आलात का?” म्हटलं, डॉक्टर घरी आहेत, मी कंपाउंडर.

इंजिन थंड होतं. दुसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. धूर निळसर, पण अर्ध्या मिनिटात गेला. मी एक आणा कापला. चुंबक सगळीकडे धरला, फक्त मागच्या उजव्या मडगार्डावर निसटला. तळहाताएवढी पुट्टी. दुसरा आणा कापला. नाणं दोन्ही दारांत सारखं सरकलं. रबराखाली हिरवाच रंग. कागदपत्रं जागच्या जागी.

मग पाठीवर झोपलो. डावी पट्टी चाचपत आलो, आणि केबिनच्या मागे बोट अडकलं. वेल्डिंग. चार बोटं रुंद, वीतभर लांब लोखंडी पट्टी वरून जोडलेली, तिच्यावर काळा रंग. शेडवाला वरून म्हणाला, “ते जुनं आहे हो, मी हात लावलेला नाही. मला मिळाली तेव्हापासून तसंच आहे.” सगळे असंच म्हणतात. खिशातली चावी काढून पट्टीवरचा रंग खरवडला.

कोपऱ्यात सेंटर पंच ठोकून उमटवलेले तीन ठिपके. एका ओळीत.

उस्ताद, मी तिथेच पडून राहिलो. तुम्हाला आठवत नसेल. मी नवीन होतो, एका गिऱ्हाइकासमोर विचारलं होतं, उस्ताद, हे ठिपके कसले? तुम्ही म्हणालात, “माझी सही.” मी बाहेर आलो तेव्हा डोळे पुसत होतो. शेडवाला घाबरला. “काय झालं? तुटलंय का?” म्हटलं, नाही, ओळखीचं माणूस भेटलं.

मग त्याला खोदून विचारलं. गाडी त्याने एका गवतवाल्याच्या मुलाकडून घेतली. बाप गेल्यापासून एकोणीस वर्षं ती कडब्याच्या छपरात उभी होती. आपल्या गॅरेजात यायचा तो गवतवाला! एका कानात भिकबाळी, सतत घाईत. तेव्हा ती पांढरी होती, म्हणून ओळखली नाही.

तुम्ही लिहिलंत, अनोळखी हात असेल तर आठ आणे काप. हा हात अनोळखी नाही. जगात एकाच हाताचं वेल्डिंग मी डोळे मिटून घेईन, ते हे. तुमची बहीण तर ऐकून देवापुढे दिवा लावायला उठली.

शेडवाल्याने शुक्रवार, ३० तारखेपर्यंत मुदत दिली आहे. नंतर दुसरा माणूस येणार आहे. तोवर तुमचा आकडा कळवा.

तुमचा,
दहा-अकरा


२५ जानेवारी

दहा-अकरा यास,

पत्र बुधवारी मिळालं.

मडगार्डाची पुट्टी तळहाताएवढी लिहिली आहेस. कोणाचा तळहात? पुट्टी किती जाड, ते नखाने वाजवून बघायला हवं होतं. खालून गंज असेल तर मडगार्ड सगळं बदलावं लागेल. निळ्या धुराला अर्धा मिनिट लागला, म्हणजे रिंगा झिजल्या. एकूण लक्षण बरं दिसत नाही.

दीड लाख. त्याच्या वर एक पैसाही नाही. तो नाही म्हणाला, तर नाही. अशा गाड्या पन्नास मिळतात.

वेल्डिंगवाली जागा पुन्हा एकदा नीट बघून घे.

उस्ताद


३१ जानेवारी

उस्ताद,

तुमचा आकडा आम्ही दोघांनी आळीपाळीने तीनदा वाचला. दीड लाख म्हटल्यावर शेडवाल्याने चहाही विचारला नसता. मी तुमचा जुना कागद काढला आणि हिशोब मांडला. इंजिनाचा एक कापला, तीन राहिले. पत्र्याचा एक कापला, दोन राहिले. कागदपत्रांचा एक. झाले सहा आणे. सहा पंचवीस दीडशे. मग चासीचे आठ कुठे गेले?

ते तुमच्या बहिणीला कळलं. म्हणाली, “अहो, दादाने स्वतःच्या हाताचे पैसे धरलेच नाहीत. बहिणीकडून कसे धरेल?” आणि पदराने डोळे पुसायला लागली.

उस्ताद, तुमचा स्वभाव आम्हाला माहीत आहे. पण तुमच्या हाताला शून्य आणे? ते मला जमणार नाही. शेडवाल्याशी दोन तास घासाघीस केली. तुमच्या मडगार्डाच्या नावाने त्याला पन्नास हजारांनी खाली आणला आणि काल चार लाखांना गाडी घेतली. पूर्ण सोळा आणे दिले. त्यातले आठ तुमच्या मानाचे समजा.

दुकानदार बेहद्द खूश आहे. दारावर नाव लिहायला पेंटर बसला आहे. रंग सुकला की ९ तारखेला, सोमवारी, पहिला माल भरायचा. तीन कपाटं आणि एक पलंग. घरचा फोन नंबर वर लिहिला आहे, कुणाकडून लावून घेतलात तर तुमची बहीण ओरडून सगळं सांगेल.

एक गोष्ट आजवर सांगितली नव्हती. कारखान्यात एकवीस वर्षं जे काम मला मनापासून जमलं, त्याच्यावर मी तीन ठिपके मारत आलो. तुमच्यासारखे. आपल्या घराच्या फाटकावरही आहेत.

तुमचा,
दहा-अकरा

दादा, मी धाकटी. काल पुढच्या सीटवर बसून गावाबाहेर एक चक्कर मारली. हे गाडी चालवताना शीळ घालत होते. नोव्हेंबरापासून पहिल्यांदा ऐकली. तुझा हात लागलेली गाडी आहे, मला कसलीच भीती वाटत नाही. कानात थेंब घालत जा.


८ फेब्रुवारी

दहा-अकरा यास,

हे पत्र पाचव्यांदा लिहितो आहे. चार फाडली. आज रविवार आहे. उद्या तू माल भरशील. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. हे मला लिहायला बसतानाच माहीत आहे.

तीन ठिपके म्हणजे माझी सही नाही. तीन ठिपके म्हणजे तात्पुरतं.

पक्क्या कामावर मी काहीच खूण करत नसे. पक्क्या कामाला खूण कशाला? जे काम मनासारखं झालं नाही, घाईत झालं, पुन्हा उघडून करायचं आहे, त्यावर तीन ठिपके. गाडी परत आली की मला कळावं, इथे माझं काही राहिलं आहे. तू विचारलंस तेव्हा गिऱ्हाईक शेजारी उभं होतं. काय सांगणार होतो? म्हटलं, सही. नंतर तुला खरं सांगायला वीस वर्षं होती.

ती गाडी मला नीट आठवते. गवतवाला चीर घेऊन आला, दोन तासांत गाडी हवी म्हणाला. गवत भिजेल म्हणाला. चीर पूर्ण उघडायला हौदा उतरवावा लागला असता, दोन दिवस गेले असते. मी टोकांना भोकं पाडली नाहीत. गॅरेजात पडलेली एक पट्टी वरून चढवली. ती तीन मिलिमीटरची होती, पाचची हवी होती. त्याला म्हटलं, पंधरा दिवसांनी आण. पैसे मात्र पूर्ण कामाचे घेतले. तो आला नाही. ती गाडी एकोणीस वर्षं छपरात उभी होती म्हणून टिकली, माझ्यामुळे नाही.

तुझं ठिपक्यांचं पत्र वाचलं आणि वाटलं, आकडाच असा सांगावा की सौदा मोडेल. म्हणजे गाडीही जाईल आणि मला काही लिहावंही लागणार नाही. चासीला शून्य आणे धरले, ते खरेच शून्य होते. धाकटीला ती माझी माया वाटली.

शेजारच्या मास्तरांकडे फोन आहे. गाडी घेतल्याचं तुझं पत्र बुधवारी आलं. त्या दिवशी आणि काल, दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. मला ऐकू येत नाही, पण बोलता येतं. ‘माल भरू नकोस’ एवढंच बोलायचं होतं. मास्तरांच्या बायकोने विचारलं, “काही हवं होतं का?” मी म्हटलं, पंचांग.

तू विचारशील, अशी किती कामं असतील. मी मोजली नाहीत.

गाडी उभी करून ठेव. मी हत्यारं घेऊन येतो. चार दिवसांत पक्कं करून देतो, कोणाला काही कळणार नाही. ये म्हण, लगेच निघतो.

उस्ताद


३ मार्च

दादांना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी दुपारी आलं. गाडी बुधवारी सकाळी बसली.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी चार कपाटं होती. दुकानापासून तिसऱ्या वळणावर, गतिरोधकावरून हळू उतरत होतो, तेव्हा पाठीमागे फांदी मोडल्यासारखा आवाज आला आणि केबिन वर उचलली गेली. हौदा मागे खाली गेला. गाडी मधोमध मोडून रस्त्यावर बसली. मला गुडघ्याला सोडून काही लागलं नाही. कपाटं गेली. एकाचा आरसा दूरवर गडगडत गेला आणि फुटला नाही, लोक त्याचीच गंमत करत होते. दुकानाच्या नावासकट फोटो निघाले. दुकानदाराने करार त्याच संध्याकाळी फाडला. वाईट माणूस नाही. कपाटांचे पैसे फिटेपर्यंत मला गोदामावर रखवालदार ठेवलं आहे.

तुम्ही येऊ नका. पक्कं करण्यासारखं काही उरलेलं नाही. तिघांना दाखवली. तिघेही पाठीवर झोपले आणि उठून हात पुसायला लागले.

शेवटी भंगारात दिली. काट्यावर तेराशे दहा किलो भरली. तीस रुपये भाव. तुमच्या हिशोबात बसवून बघितलं, दीड आण्याच्या जरा वर जाते. काय द्यावं, हे मी तुम्हाला जानेवारीत विचारलं होतं. उत्तर हे होतं.

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. तुमचं वेल्डिंग सुटलं नाही. पट्टी जशीच्या तशी आहे, टाका न् टाका धरलेला. चासी तिच्या पलीकडे दोन बोटांवर तुटली. चीर आतून चालत तिथवर गेली होती. उस्तादांचं वेल्डिंग सुटत नाही असं तुम्ही म्हणायचात, ते खरं निघालं. भंगारवाल्याकडून तेवढा तुकडा कापून घेतला. सोबत पाठवतो आहे. मला ठेवायला जागा नाही.

तुमच्या बहिणीने तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पंचांगाच्या ओळीवर थांबली. तिने लिहावं म्हणून मी कागद पुढे केला होता. म्हणाली, “दादाला ऐकू येत नाही.” म्हटलं, अगं, पत्र आहे. ती उठून आत गेली.

घर विकलं. महिनाअखेर गोदामामागच्या खोलीत जातोय. घेणारा काल मोजायला आला होता, हौशी माणूस आहे, दाराखिडक्यांना हात लावून बघत होता. फाटकापाशी थांबला आणि म्हणाला, “हे तीन ठिपके कसले?”

हे फाटक मी पक्कं केलं होतं, दादा. बिजागरी पाच मिलिमीटरची घेतली होती. सोळा वर्षांत एकदाही कुरकुरलं नाही. मनापासून जमलं म्हणून ठिपके मारले होते. पण बघा, ठिपके तुमच्याच भाषेतले निघाले.

त्याला म्हटलं, आधीच्या मालकाची सही आहे.

तुमच्या बहिणीचा नवरा